फाइल शाबूत आहे

घरातल्या कॉम्प्युटरवर विजेच्या बिलाच्या फाइलवर डबल क्लिक केलं, की बिल समोर उघडतं. यात आपल्याला काही विशेष वाटत नाही. पण त्या एका क्षणात कॉम्प्युटरने एक ठरलेला निर्णय पाळलेला असतो. बहुतेक फाइलींच्या नावाच्या शेवटी एक टिंब असतं आणि टिंबापुढे तीन-चार अक्षरं. बिल असेल तर पीडीएफ, फोटो असेल तर जेपीजी, गाणं असेल तर एमपीथ्री. विंडोज ती अक्षरं वाचतं, आपल्या नोंदीत बघतं आणि फाइल ठरलेल्या प्रोग्रॅमच्या हाती देतं. या जोडणीला फाइल असोसिएशन म्हणतात. नाव जड आहे, काम साधं आहे. अमुक प्रकारची फाइल आली की ती कोण उघडणार, हे आधीच ठरवून ठेवायचं. एकदा ठरलं की पुन्हा विचारणं नाही. म्हणूनच आपली कामं भराभर होतात.

पण हे ठरवलं कुणी? पुष्कळदा आपण विचार करून ठरवलेलं नसतं. लग्नाचा व्हिडिओ लागत नाही म्हणून आपण एक नवा प्लेअर डाउनलोड करतो. तो इन्स्टॉल होताना एकामागून एक पानं समोर येतात आणि आपण नेक्स्ट, नेक्स्ट, नेक्स्ट करत पुढे जातो. त्यातल्या एखाद्या पानावर छोट्या चौकोनांची यादी असते. चौकोनांत बरोबरच्या खुणा आधीच केलेल्या असतात. यापुढे या सगळ्या प्रकारच्या फाइली हाच प्रोग्रॅम उघडेल, असा त्या खुणांचा अर्थ. आपण तिकडे बघत नाही. व्हिडिओ लागतो, पाहुणे खूश होतात. आठवड्याने कुणी साधं गाणं लावायला जातं, तर तोच प्लेअर उघडतो आणि नोंदणी करा, पैसे भरा म्हणून मागे लागतो. मग वाटतं, कॉम्प्युटर बिघडला.

अँड्रॉइड मोबाइलवरही हेच होतं. फाइलवर बोट ठेवलं की तो विचारतो, कशाने उघडू? खाली दोन पर्याय असतात. फक्त एकदा, की नेहमी? आपण घाईत असतो. रिक्षा दाराशी उभी असते. बोट 'नेहमी'वर पडतं. घाईतला तो एक क्षण पुढे वर्षभर आपल्या वतीने निर्णय घेत राहतो. विंडोज बनवणाऱ्यांनाही हा धोका ओळखू आला. २०१२ साली आलेल्या विंडोज ८ पासून अशी व्यवस्था केली गेली, की एखाद्या प्रोग्रॅमने परस्पर ही जागा बळकावायची नाही. मालकाला विचारायचं आणि मालकाने स्वतः निवडायचं. व्यवस्था चांगली आहे. पण विचारल्यावर मालकाने क्षणभर थांबून उत्तर द्यावं, हे मात्र कुठलीच व्यवस्था करू शकत नाही. ते आपल्यालाच करावं लागतं.

आता जरा जवळून बघू. समजा, उद्या परीक्षा आहे आणि मुलीचं हॉल तिकीट उघडत नाही. डबल क्लिक केलं की नोटपॅड येतं आणि पडदाभर चौकोन, प्रश्नचिन्हं, उलटीसुलटी अक्षरं. 'फाइल करप्ट झालीये,' दादा म्हणतो. मुलगी रडवेली होते. आई पर्स उचलून सायबर कॅफेकडे निघते. अशा वेळी पडद्याच्या अगदी वरच्या ओळीकडे बघावं. तिथे टक्क्याची खूण असते, तिच्यापुढे 'पीडीएफ' ही तीन अक्षरं आणि मग १.४ किंवा १.७ असा एखादा आकडा. चांगल्या पीडीएफची सुरुवात अशीच असते. पीएनजी जातीचा फोटो नोटपॅडमध्ये उघडला, तर सुरुवातीलाच 'पीएनजी' ही अक्षरं सापडतात. झिप फाइल 'पीके' या अक्षरांनी सुरू होते. १९८९ साली हा प्रकार तयार करणारे फिल कॅट्झ, त्यांच्या नावाची ती आद्याक्षरं. वर्डची डॉकएक्स फाइलही आतून झिपच असते, म्हणून तीही 'पीके'नेच सुरू होते. म्हणजे एवढ्या गोंधळातही फाइल आपण कोण ते पहिल्याच ओळीत सांगत असते. पुष्कळदा तिच्यात काही बिघडलेलं नसतं. ती चुकीच्या हातात गेलेली असते, इतकंच.

खरा धोका याच्या पुढच्या पायरीवर आहे. नोटपॅड साधा मजकूर लिहिण्यासाठी बनवलेलं आहे. पीडीएफमधला सगळा ऐवज त्याला समजत नाही. जे समजत नाही तेही आपल्या परीने अक्षरांत बसवून दाखवतं. नुसतं बघून खिडकी बंद केली, तर मूळ फाइलला काहीही होत नाही. पण ती विचित्र अक्षरं पुसून, काही नीट करायला जाऊन जर आपण 'सेव्ह' म्हटलं, तर मात्र फाइल खरोखर खराब होते. नोटपॅडला जे कळलं नव्हतं, ते कायमचं निघून जातं. नंतर कितीही चांगल्या प्रोग्रॅममध्ये उघडा, हॉल तिकीट दिसणार नाही. म्हणून जाणकार पहिली सूचना हीच देतात. काही दुरुस्त करू नका, सेव्ह करू नका, आधी खिडकी बंद करा.

हे माणसांच्या बाबतीतही खरं आहे, आणि आज कामाला निघण्याआधी मनात ठेवण्यासारखं आहे. आपल्या मनातही अशा जोडण्या असतात. संध्याकाळी फोनवर साहेबांचं नाव दिसलं की भीती उघडते. मुलाच्या प्रगतिपुस्तकावर कमी गुण दिसले की राग उघडतो. सासूबाईंनी 'आज भाजी वेगळी केलीस का गं?' असं विचारलं की टोमणा ऐकू येतो. प्रश्न साधा असेल, कौतुकाचाही असेल. पण तो आपल्याकडे येतो आणि आधीपासून ठरलेल्या ठिकाणीच उघडतो. मग समोर जे दिसतं, ते वेडंवाकडं दिसतं.

तसं दिसलं म्हणून लगेच काही बिघडत नाही. मनात आलेला पहिला अर्थ हा फक्त दिसलेला असतो. बिघडतं ते त्या अर्थावर आपण उत्तर दिल्यावर. 'तुम्हाला माझं काहीच आवडत नाही' हे वाक्य तोंडातून गेलं, की ते समोरच्याच्या मनात जाऊन बसतं. नंतर खरा अर्थ कळला तरी ते वाक्य मागे घेता येत नाही. रागात पाठवलेला मेसेज, घाईत लिहिलेला राजीनामा, जेवणाच्या ताटावर काढलेला जुना विषय, हे सगळं चुकीच्या ठिकाणी उघडून केलेलं सेव्ह आहे. आधी खिडकी बंद करावी. मग बघावं, की हे बोलणं दुसऱ्या कुठल्या अर्थाने उघडतं का.

आणि पहिली ओळ वाचावी. आई चिडून म्हणते, 'किती वाजले? फोन का उचलत नव्हतास?' पुढचं सगळं रागाचंच असतं. पण पहिल्या ओळीत काळजी लिहिलेली असते. नवरा म्हणतो, 'कशाला एवढं काम अंगावर घेतेस?' त्यात तक्रार ऐकू येते. पहिल्या ओळीत असतं, की तू दमलेली मला बघवत नाही. आपल्या घरांत माया पुष्कळदा चढ्या आवाजातच बोलते. सवय लावली तर ती पहिली ओळ ऐकू येऊ लागते.

मराठीत टाइप करणाऱ्या जुन्या मंडळींना याचा वेगळा अनुभव आहे. युनिकोड घरोघरी रुळण्याआधी अनेकांनी श्रीलिपी किंवा आयएसएमच्या फॉन्टमध्ये लेख लिहिले, पत्रिका केल्या, मंडळाचे अहवाल तयार केले. तीच फाइल नव्या कॉम्प्युटरवर उघडली, की मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरं आणि खुणांचा खच दिसतो. आजोबांनी मेहनतीने टाइप केलेला कुलवृत्तान्त असा दिसला, की घरचे हळहळतात आणि ती फाइल टाकून द्यायला निघतात. पण जुना फॉन्ट मिळवून बसवला, किंवा तो मजकूर युनिकोडमध्ये बदलून घेतला, की ओळी पुन्हा वाचता येतात. इथे प्रश्न प्रोग्रॅमचा नसून फॉन्टचा आहे. पण गोष्ट तीच. वाचता आलं नाही म्हणून लिहिलेलं खोटं ठरत नाही. टाकून देण्याआधी एकदा विचारावं, की हे मी नीट वाचतो आहे ना?

विंडोज ७ च्या काळात अनेक घरांत एक प्रकार घडायचा. सकाळी कॉम्प्युटर सुरू करावा, तर डेस्कटॉपवरचे झाडून सगळे आयकॉन एकसारखे. ब्राउझरचं चित्र नाही, टॅलीचं नाही, गेमचं नाही. ज्याच्यावर क्लिक करावं त्यातून एकच प्रोग्रॅम उघडणार. बघणाऱ्याच्या पोटात गोळा यायचा. मुलांचे प्रोजेक्ट, दुकानाचे हिशेब, बारशाचे फोटो, सगळं गेलं असं वाटायचं. मग शेजारचा कुणीतरी येऊन सांगायचा, 'फॉरमॅट मारावा लागेल.' आणि फॉरमॅट मारला, की ज्याची प्रत बाजूला काढलेली नाही ते सगळं खरोखरच जायचं.

खरी गोष्ट फार लहान होती. डेस्कटॉपवरची ती चित्रं म्हणजे शॉर्टकट. शॉर्टकट हीसुद्धा एक छोटी फाइलच असते आणि तिच्या नावाच्या शेवटी एलएनके ही अक्षरं असतात. विंडोज ती आपल्याला सहसा दाखवत नाही. कुणीतरी नकळत या प्रकाराची जोडणी एखाद्या प्रोग्रॅमशी करून टाकलेली असायची. म्हणून सगळेच शॉर्टकट त्याच्याकडे धावायचे. प्रोग्रॅम आपापल्या जागी होते. फोटो होते, हिशेब होते. विंडोजच्या रजिस्ट्रीत, म्हणजे त्याच्या अंतर्गत नोंदींत, एलएनकेच्या नावाखाली 'यूझर चॉइस' म्हणून एक नोंद तयार झालेली असायची. आधी जुन्या नोंदींची एक प्रत बाजूला ठेवायची, मग तेवढी एक नोंद काढायची आणि कॉम्प्युटर पुन्हा सुरू करायचा. सगळी चित्रं आपापल्या जागी परत यायची.

आयुष्यात आपणही फार लवकर फॉरमॅटच्या गोष्टी करतो. दोन दिवस ऑफिसात मन लागलं नाही, की नोकरीच सोडावीशी वाटते. मुलगा एकदा खोटं बोलला, की 'याच्यावर संस्कारच झाले नाहीत' असं म्हणून मोकळे होतो. व्यायाम चार दिवस बुडला, की आपल्याकडून काही होणारच नाही, असं ठरवतो. सगळीच चित्रं एकसारखी दिसू लागली, की सगळंच बिघडलं असं वाटणं साहजिक आहे. पण पुष्कळदा चुकलेली नोंद एकच असते. ऑफिसात एका माणसाशी राहून गेलेलं एक बोलणं. मुलाला खरं सांगायची वाटलेली भीती. रात्री उशिरापर्यंत हातात राहिलेला फोन. ती एक नोंद शोधायला शांतपणा लागतो. सगळं पुसून टाकायला तेवढाही लागत नाही. म्हणून पुसण्याआधी शोधावं.

मग नको असलेली जोडणी काढायची कशी? कॉम्प्युटरवर हे काम अवघड नाही. फाइलवर डबल क्लिक न करता राइट क्लिक करायचं. समोर यादी येते. त्यात 'ओपन विथ' असतं, त्याच्या आत 'चूज अनदर अ‍ॅप'. तिथून हवा तो प्रोग्रॅम निवडायचा. आधी फक्त या वेळेपुरता उघडून बघायचा. फाइल नीट दिसली, मन भरलं, की मग 'ऑलवेज' म्हणायचं. विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज, अ‍ॅप्स, डिफॉल्ट अ‍ॅप्स असं गेलं, की वरच्या चौकटीत टिंब आणि पीडीएफ लिहून, ती फाइल सध्या कोण उघडतं हे बघता येतं आणि बदलता येतं. अँड्रॉइड मोबाइलवर सेटिंग्जमध्ये त्या अ‍ॅपच्या पानावर 'ओपन बाय डिफॉल्ट' असतं. तिथे जुना 'नेहमी' पुसता येतो. सगळ्या जोडण्या एकदम मूळपदावर नेणारं रीसेटचं बटणही विंडोजमध्ये आहे. पण ते दाबलं, की आपण विचारपूर्वक निवडलेल्या चांगल्या जोडण्याही जातात. म्हणून एकेक बदलणं बरं.

यात एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. सेटिंग्जच्या त्या पानावर 'कुणीच नको' असा पर्याय मिळत नाही. एक प्रोग्रॅम नको असेल, तर त्याच्या जागी दुसरा सुचवावा लागतो. नको असलेला प्रोग्रॅम कॉम्प्युटरवरून काढूनच टाकला, तर पुढच्या वेळी विंडोज सहसा पुन्हा विचारतं, ही फाइल कशाने उघडू? घाईत आपण पुन्हा काहीतरी निवडतो आणि गाडी मूळ वळणावर येते. सवयींचंही असंच आहे. 'आजपासून चिडायचं नाही' एवढं ठरवून भागत नाही. चिडण्याच्या जागी काय करायचं, हे आधी ठरलेलं असावं लागतं. साहेबांचा फोन आला की आधी उभं राहायचं, एक घोट पाणी प्यायचं आणि मग उचलायचा. प्रगतिपुस्तक हातात आलं की गुण बघण्याआधी मुलाला जवळ बसवायचं. सासूबाईंच्या प्रश्नाला आधी फक्त 'हो, आज वेगळी केली, कशी झालीय?' इतकंच म्हणायचं. एवढं ठरवून ठेवलं, की जुन्या सवयीला यायला जागाच उरत नाही.

आणि नवं ठरवतानाही आधी एकदाच करून बघावं. आपण संकल्प करतो तेव्हा एकदम 'नेहमी' म्हणून टाकतो. पहाटे रोज पाचला उठणार, साखर कायमची बंद. चार दिवसांत ओझं होतं आणि पाचव्या दिवशी आपण स्वतःवरच नाराज होतो. त्यापेक्षा फक्त आज उठून बघावं. बरं वाटलं तर उद्या पुन्हा. असं करता करता एक दिवस तेच नेहमीचं होऊन जातं, आणि ते टिकतं, कारण ते आपण अनुभवाने निवडलेलं असतं.

घरात कॉम्प्युटर एक आणि वापरणारे चार असतील, तर आणखी एक सोय आहे. विंडोजमध्ये प्रत्येकाला वेगळं खातं उघडून देता येतं, आणि कुठली फाइल कशाने उघडायची ही निवड प्रत्येकाच्या खात्यापुरती राहते. बाबांना पीडीएफ ब्राउझरमध्ये वाचायला आवडते, ताईला तिच्यावर खुणा करता येणारा प्रोग्रॅम लागतो. फाइल तीच, दोघांच्या खात्यांत ती वेगवेगळी उघडते, आणि कुणाला कुणाशी भांडावं लागत नाही. घरातल्या माणसांनाही एवढी मोकळीक द्यावी. एकच बातमी ऐकून धाकटा हसतो, आजी गप्प होतात, आई देवापुढे दिवा लावते. आपल्याला जसं वाटलं तसंच सगळ्यांना वाटलं पाहिजे, हा हट्ट सोडला की घरातला अर्धा ताण जातो.

शेवटी एक छोटी, रोजच्या उपयोगाची गोष्ट. विंडोज फाइलच्या नावातली ती शेवटची अक्षरं सहसा झाकून ठेवतं. फाइल एक्सप्लोररमध्ये व्ह्यू या यादीत जाऊन ती दिसतील असं करून घ्यावं. मेलमधून आलेली एखादी फाइल 'बिल डॉट पीडीएफ' अशी दिसते, पण पूर्ण नाव दिसू लागलं की शेवटी ईएक्सई ही अक्षरं सापडतात. म्हणजे ते बिल नसतं, कॉम्प्युटरवर चालू होणारा एक प्रोग्रॅम असतो. पूर्ण नाव वाचल्यामुळे असं मोठं संकट टळतं. तशी अर्धी ऐकलेली गोष्टही पूर्ण ऐकून घ्यावी. 'तो म्हणत होता, तू...' एवढ्यावर मन धावू लागतं. वाक्य पुरं होऊ द्यावं आणि मगच काय ते ठरवावं.

आज एवढंच करू या. दिवसभरात एखादा प्रसंग असा येईल, की ठरलेला राग, ठरलेली भीती किंवा ठरलेला कंटाळा आपोआप उघडू लागेल. तो उघडतोय हे नुसतं ओळखलं, तरी निम्मं काम झालं. मग क्षणभर थांबू आणि स्वतःला विचारू, याला आणखी कशाने उघडता येईल? उत्तर लगेच सापडलं नाही तरी हरकत नाही. त्या क्षणी आपण काही वावगं बोललो नाही, काही कायमचं करून टाकलं नाही, तर आतलं सगळं शाबूत आहे. नातं शाबूत आहे, काम शाबूत आहे, आपला चांगुलपणाही शाबूत आहे. जोडणी उद्याही बदलता येईल. आज ती एकदाच बदलून बघू, फक्त एका प्रसंगापुरती. कामाला निघायची वेळ झाली असेल. निघा, आणि दिवसातला तो एक प्रसंग आला की घाई करू नका.